उत्पादन म्हणजे काय? तिसरीच्या पोरांना सांगायचंय

जोडवर्ग (सोमवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या एका लहान गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून तेवीस पोरं. आज गरजा, वस्तू, व्यवसाय असं काहीबाही चालू होतं आणि मी सहज विचारलं, उत्पादन म्हणजे काय रे?

पहिलं उत्तर आलं, "तहसीलातून आणते ते." उत्पन्नाचा दाखला! फॉर्म भरायच्या दिवसांत बापासोबत चकरा मारल्या असणार.
दुसरं, "उत्पादन म्हंजे मॅडम, घटते ते." पारावर, बातम्यांत, पेपरात त्यानं हा शब्द 'घटलं'च्या जोडीनंच ऐकलेला.
तिसरं, "कंपनीत होते. पुण्याले."

वर्गाच्या खिडकीतून वावर दिसतं. त्या घडीला निम्म्या वर्गाच्या आया तिथं कापूस वेचत होत्या.

मग मी फळ्यावर व्याख्या लिहिली: गरजा भागवण्यासाठी वस्तू व सेवांमध्ये उपयोगिता निर्माण करणे म्हणजे उत्पादन. पोरांनी सुरेख अक्षरात उतरवून घेतली. 'उपयोगिता' म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं.

शनिवारी दप्तर नसतं. चाळीस मिनिटं हाती आहेत, वीज असेलच असं नाही, खर्च शून्य. काय करू?

वऱ्हाडी ठेचा
'घटते ते' म्हणणाऱ्या पोट्ट्याले पैकीच्या पैकी द्या ताई. आमाले हे समजाले चाळीस वर्स लागले.

अर्थहीन
ताई, मी अमरावतीकडे कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. नावावर जाऊ नका. माझ्या मते सुरुवात चार घटकांपासून करा. भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. पोरांना वावरातूनच दाखवता येईल. जमीन, पाऊस, ऊन ही भूमी. निसर्गानं दिलेलं सगळं त्यात येतं, नुसती माती नव्हे. निंदणारी, वेचणारी, डवरा हाकणारा हे श्रम. डवरा, बैलजोडी, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार हे भांडवल, कारण ते आधी कुणीतरी तयार केलेलं किंवा पोसलेलं आहे आणि आता पुढच्या उत्पादनाला कामी येतंय. आणि औंदा पऱ्हाटी (कापूस) लावायची की सोयाबीन हे ठरवणारा, बुडालं तर ज्याचं बुडतं, तो संयोजक.

पोरं एक चूक हमखास करतात. भांडवल म्हणजे पैसे, असं म्हणतात. पैसा वावरात पेरून उगवत नाही, त्याचं बियाणं घ्यावं लागतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

सरकी
अर्थहीन सर, तिसरीचा वर्ग आहे, बारावीचा नाही. 'संयोजक' ऐकलं की पोरं गणेश मंडळाचा अध्यक्ष समजतील.

ताई, मी सांगते ते करा. प्रत्येक पोराच्या हातात एक एक फुटलेलं बोंड द्या. म्हणा, यातली सरकी, म्हणजे बी, वेगळी काढा. नखांनी. दहा मिनिटं. ज्यानं कधी केलं नसेल त्याला कळत नाही की रुई, म्हणजे कापसाचे तंतू, सरकीला कशी चिकटून बसते. दहा मिनिटांत पोरापुढं चिमूटभर रुई अन् ओंजळभर कंटाळा. मग विचारा, यंत्रावर हीच सरकी काढणारा जिनिंगवाला काय करतो? तो कापूस नवा तयार करत नाही, एक धागाही वाढवत नाही. तरी तो उत्पादन करतो की नाही?

माहितीसाठी: क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी, थोडी घट. १७० किलोची एक गठाण बांधायची तर पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल होतं अन् उरलेली ढेप म्हशीच्या पोटात जाते, तिथून पोरांच्या चहात. एक बोंड धरून अख्खं गाव फिरून येता येतं.

वऱ्हाडी ठेचा
ओंजळभर कंटाळा!! हे वहीत लिवून ठेवतो.

धुऱ्यावरचा
सगळ्यांच्या मताचा आदर ठेवून सांगतो. पोरांना खरं सांगा. उत्पादन फक्त शेतकरी करतो. एका दाण्याचे शंभर दाणे कुठं होतात? वावरात. जिनिंगमध्ये क्विंटल टाकला तर सव्वा क्विंटल बाहेर येतो का? उलट घट धरून कमीच. अडत्या, व्यापारी, मिलवाला, दुकानदार, हे सगळे आमचाच माल इकडून तिकडं करतात आणि प्रत्येक जण मधात आपला हात ओला करतो. मी पाच एकराचा कास्तकार आहे, पुस्तकातलं बोलत नाही.

अर्थहीन
धुऱ्यावरचा भाऊ, तुम्हाला एक मोठा समर्थक मिळवून देतो. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात फ्रांस्वा केने नावाचा गृहस्थ होता. पेशानं डॉक्टर, पंधराव्या लुईच्या दरबारात. १७५८ साली त्यानं अर्थव्यवस्थेचा एक तक्ता मांडला. त्याचं म्हणणं नेमकं हेच: लावलं त्याहून जास्त देते ती फक्त जमीन, म्हणून शेतीच उत्पादक. कारागीर, व्यापारी यांना तो 'वांझ वर्ग' म्हणायचा.

पुढे ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये हे खोडलं. त्याचं टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकट्यानं सगळी कामं करायची तर दिवसाला वीस टाचण्याही होणार नाहीत, पण दहा माणसांनी कामं वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० होतात. टाचणीचं पीक येत नाही, पण तिथं काहीतरी वाढलं हे कसं नाकारणार?

वऱ्हाडी ठेचा
म्हंजे आपल्या धुऱ्यावरच्या भाऊले फ्रान्सात मान होता, दोनशे वर्स उशीर झाला. पासपोर्ट कहाडा भाऊ.

धुऱ्यावरचा
हसा. पण सर, 'वांझ' शब्द मी वापरला नव्हता. तो तुमच्या डॉक्टरचा. मी एवढंच म्हणतो की हमाल, मापारी, अडत्या या सगळ्यांची मजुरी माझ्या मालातून निघते.

पुण्यात अडकलेली
मूळ वर्धा जिल्हा, आता हिंजवडी. ताईंच्या वर्गातल्या पोरानं 'पुण्याले' म्हटलं तेव्हा जरा टोचलंच, कारण मी इथं जे करते त्याला माझी आजीही उत्पादन म्हणत नाही. ती म्हणते, "पोरगी खुर्चीत बसून राहते."

मला तान्हा पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लाकडी बैल ओढत घरोघर जायचो, लोक बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायचे. माझा बैल गावच्या सुतारकाकांनी केलेला. घराच्या जुन्या दाराचा सागवानी तुकडा पडून होता, पावसात भिजत. काकांनी चार दिवस वेळात वेळ काढून त्याचा बैल केला, चाकं बसवली, शिंगांना भोकं पाडली. मोबदल्यात पायलीभर ज्वारी. लाकूड होतं तेवढंच. उलट भुसा पडला म्हणजे धुऱ्यावरच्या भाऊंच्या हिशेबानं घटच झाली. पण त्या तुकड्यानं आधी एकाही पोराला झोपेतून उठवलं नव्हतं, आणि मी पहाटे चारला उठून बसले होते.

म्हणून मला वाटतं, पोरांना 'वस्तू वाढली का' असं विचारू नका. 'आधी हे कुणाच्या कामाचं होतं, आणि आता कुणाच्या?' असं विचारा. तुमची अवघड 'उपयोगिता' ती हीच.

सरकी
+१. आणि बोजारा शब्द किती वर्षांनी ऐकला!

झाडीपट्टी
आमच्याकडं वेगळीच पंचाईत. गडचिरोली. इथं मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं अंधारात टोपल्या घेऊन जातात. झाड कुणी लावलं नाही, पाणी कुणी दिलं नाही, फूल आपोआप पडलं. हे उत्पादन की नुसतं गोळा करणं? तेंदूपानांचंही तेच. माझ्या भाचीनं मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं.

अर्थहीन
झाडाखाली पडलेलं फूल हे निसर्गाचं देणं. ते वेचलं, वाळवलं, टोपलीत भरून घरी आणलं की उत्पादन. शासनाच्या हिशेबातही वनोपज प्राथमिक क्षेत्रात मोजतात, मासेमारी आणि खाणीसोबत. नदीतला मासा उत्पादन नाही, जाळ्यातला आहे.

वऱ्हाडी ठेचा
अन् मोहाची पहिल्या धारेची सर? ते कोन्त्या क्षेत्रात येते?

झाडीपट्टी
ठेचा भाऊ, आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळं ती 'अदृश्य क्षेत्रात' येते. सगळ्यांना दिसते फक्त.

अर्थहीन
विषय हसण्यावारी गेला, पण पोरं हे विचारतील, ताईंनी तयार राहावं. अर्थशास्त्राच्या लेखी कुणाची तरी मागणी भागवली की ते उत्पादन, मग ते चांगलं असो की वाईट. उत्पादन हा शब्द म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही.

जोडवर्ग
बापरे, एका दिवसात एवढं! सरकीताई, बोंडांची कल्पना पक्की. पुण्यात अडकलेली, तुमचा प्रश्न मी फळ्यावर लिहिणार आहे.

आज वर्गात सहज विषय निघाला, तर एक मुलगी म्हणाली, "गाय दूध उत्पादन करते." दुसरा म्हणाला, "नाही, आजी करते, ती पिळते." भांडण माझ्यापर्यंत आलं. अर्थहीन सर, निकाल द्या.

अर्थहीन
आजी उत्पादक, गाय भांडवल.

सरकी
हे आजीसमोर म्हणू नका. लक्ष्मीला भांडवल म्हटलं तर कासंडी डोक्यात पडेल.

टकळी
बराच वेळ वाचतोय. वर्ध्याचा. उत्पादन 'सांगायचं' कसं यावर चर्चा चालू आहे आणि आपल्याच मातीत ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती, तिच्यात म्हटलं गेलं की ते सांगू नका, करायला लावा. गांधीजी अध्यक्ष होते, पुढे झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला. तीच नई तालीम. हातानं काहीतरी उपयोगाचं करायचं आणि त्यातून गणित, भाषा, भूगोल शिकायचा. टकळीवर सूत काततानाच पोरं मोजायला शिकतात: किती तार झाले, किती तुटले, पेळूचं (कातायच्या कापसाच्या वळकटीचं) वजन किती, सुताचं किती. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा २००५ पासून याच वाटेनं पुन्हा चालू आहे. दारव्ह्याहून फार लांब नाही, जमलं तर पोरांना घेऊन या.

सरकी
टकळीभाऊ, आदर आहे. पण तेव्हाही याला विरोध झाला होताच. पोरांनी केलेल्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा ही कल्पना पुष्कळांना पटली नव्हती, मलाही पटत नाही. ताईंच्या वर्गातली काही पोरं सुटीत वेचायला जात असतील. त्यांना 'बोंड सोला, मज्जा येते' म्हणणं अन् शहरातल्या पोरांना म्हणणं यात फरक आहे. माझीच कल्पना होती, आता मलाच खटकतेय.

वऱ्हाडी ठेचा
सरकीताई खरं बोलली. म्या लहानपनी दिवाळीच्या सुट्टीत कापूस येचून फटाके घेतले. बोटाले बोंडाच्या कवच्या लागत. त्या कापसाचं कौतुक मले शायेत कोनी सांगतलं असतं तर म्या पाठीमागच्या दारानं पयालो असतो. पन एक सांगतो. मास्तरनं जर इचारलं असतं, "तू येचला तो कापूस पुढं कुठी गेला," तर म्या आयकलं असतं. मले ते आजवर कोनी सांगतलं नाई.

टकळी
हे बरोबर आहे. मी विरोध समजू शकतो. ठेचा भाऊंचा प्रश्न लाखमोलाचा.

पुण्यात अडकलेली
कुठं गेला, याचं एक जुनं उत्तर नागपुरात होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला ज्या दिवशी 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. इथला कापूस, इथंच सूत, इथंच कापड. माझे पणजोबा तिथं साच्यावर होते. आता त्या जागी मॉल आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथून मी एक सुती कुर्ता घेतला. आतल्या पट्टीवर भलत्याच गावाचं नाव.

अर्थहीन
पोरांना नाही, पण इथल्या मोठ्यांना सांगतो. समजा कापूस शंभराचा, रुई-सरकी मिळून एकशे दहाची, सूत दीडशेचं, कापड दोनशेचं, कुर्ता चारशेचा. सगळ्यांची बेरीज केली तर एकच कापूस पाचदा मोजला जाईल. म्हणून देशाचं उत्पन्न मोजताना प्रत्येकानं किती भर घातली तेवढीच धरतात. शंभर, दहा, चाळीस, पन्नास, दोनशे. बेरीज चारशे. धुऱ्यावरचा भाऊ, तुमचे शंभर त्यात पहिले आहेत.

धुऱ्यावरचा
पहिले आहेत आणि शेवटी मिळतात.

सर, एक गोष्ट मात्र मान्य. ताईंच्या त्या दाखल्यावाल्या पोरानं जी चूक केली ती आम्ही मोठे रोज करतो. एकरी किती उत्पन्न झालं, असं विचारतो आणि सांगतो क्विंटल. मी माझ्या पोराला समजावलं ते लिहितो, ताईंना उपयोगी पडलं तर पडलं. मागच्या साली पाच एकरात ३५ क्विंटल कापूस झाला. हे उत्पादन. सात हजारानं गेला. दोन लाख पंचेचाळीस हजार. पोराचे डोळे मोठे झाले. मग वेचणी, किलोला दहा रुपये, पस्तीस हजार गेले. बियाणं, खत, फवारे, निंदण, डवरणी, गाडीभाडं. तो वहीत वजा करत गेला. हे करता करता त्याला झोप लागली आणि मला लागली नाही. जे उरलं ते उत्पन्न. उत्पादन पोतडीत भरता येतं, उत्पन्न मोजायला अंधारात बसावं लागतं.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, हे वाचून काई मस्करी सुचून नाई राहिली.

चुलीपुढची
पहिल्यांदाच लिहिते. वाशिम जिल्हा. सगळ्यांचं झालं, माझं विचारते. पहाटे उठून मी नऊ माणसांच्या भाकरी करते, त्यातल्या पाच वावरात जातात. हे उत्पादन आहे का? माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'शेती' आणि माझ्या नावापुढे 'काही नाही' असं लिहिलेलं आहे. लिहिलं मीच. दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही.

अर्थहीन
ताई, आहे. शंभर टक्के आहे. पिठाची भाकर झाली, उपयोगिता वाढली, प्रश्नच नाही. पण देशाचं उत्पन्न मोजताना ती धरत नाहीत. गंमत बघा, तुमच्या घरची ज्वारी बाजारात न नेता घरी खायला ठेवली तरी तिची किंमत अंदाजानं मोजतात. त्याच ज्वारीची तुम्ही भाकर केली की ती मात्र मोजत नाहीत. तीच भाकर खानावळीत झाली तर मोजतात. कारण सांगतात की घरकामाला बाजारभाव लावणं अवघड. मी वर्षानुवर्षं हे शिकवतो, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "सर, ज्वारीला लावता येतो न?"

सरकी
चुलीपुढची ताई, पुढच्या फॉर्मवर 'संयोजक' लिहा. गणेश मंडळाचा नाही, सरांचा.

धुऱ्यावरचा
माझ्या वावरात न्याहारी अकराला आली नाही तर निंदण थांबतं. हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

जोडवर्ग (रविवार, दुपारी १२:३०)
झाला शनिवार. सविस्तर लिहिते.

बोंडं वाटली नाहीत. सरकीताईंचं खटकलेलं मलाही खटकलं. बोंड एकच, टेबलावर. ठेचा भाऊंचा प्रश्न विचारला, हे पुढं कुठं जातं? पोरं मार्केटपर्यंत गेली, जिनिंगपर्यंत दोघं गेले, पुढं सगळे थांबले. मग उलटं केलं. एकाच्या शर्टाची बाही धरली आणि मागं मागं जात राहिलो. ते जमलं. शर्ट, शिवणारा, कापड, सूत, रुई, आणि मग एक मुलगी उभी राहून म्हणाली, "माई माय." एवढंच म्हणाली आणि बसली.

मग पळसाची पानं. गावातल्या एका आजी पत्रावळी लावतात, त्यांना बोलावलं होतं. आधी प्रत्येकानं एकट्यानं लावली. वीस मिनिटांत तेवीस पोरांच्या सात झाल्या, त्यातल्या दोन आजींनीच केल्या असा माझा संशय आहे. मग ॲडम स्मिथ. एक गट पानं पुसणार, एक काड्या तोडणार, एक टोचणार. तेवढ्याच वेळात सोळा. काड्यावाले म्हणाले आम्ही जास्त काम केलं, टोचणारे म्हणाले अवघड काम आमचं. हे भांडण कारखान्यात कसं मिटवतात ते मला ठाऊक नाही, मी सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं.

पुण्यात अडकलेलींचा प्रश्न फळ्यावर होताच. पान आधी कुणाच्या कामाचं? "बकरीच्या." पळस बकरी खाते का यावर आजीनं वेगळं व्याख्यान दिलं.

मला उलटा प्रश्न आलाच, "मॅडम, तुमी काय उत्पादन करता?" मी तुम्हा सगळ्यांकडून उत्तर तयार करून नेलं होतं. सेवा, उपयोगिता, वगैरे. त्याआधीच मागून आवाज आला, "आपल्याले." उत्तर चूक की बरोबर, सरांनी सांगावं.

सुटीत खिचडी त्या पत्रावळ्यांवरच वाढली. पातळ होती. एका पत्रावळीच्या जोडातून धार लागली, थेट चड्डीवर. तोच, दुसऱ्या उत्तराचा धनी. उभा राहिला आणि ओरडला, "मॅडम, घटलं!"

वऱ्हाडी ठेचा
मंग! म्या सांगतलं होतं, पोट्टं हुशार हाये.

चुलीपुढची
जोड देताना पान पानावर दोन बोटं चढवायचं असतं ताई. पुढच्या वेळी मला बोलवा.

झाडीपट्टी
पत्रावळ्यांचा फोटो टाका न.

जोडवर्ग
रेंज येत नाही, फोटो अर्ध्यातच अडकतो. उद्या दारव्ह्याला गेले की टाकते.